कामातून गेलेला माणूस

एखाद्या वस्तूचं वाटोळं झालं की आपण म्हणतो, 'कामातून गेली.' घड्याळ कामातून जातं, गुडघा कामातून जातो, उन्हाळ्यात फ्रीजबाहेर राहिलेलं दूध कामातून जातं. आणि एखाद्याचं डोकं फिरलं, संसारातून लक्ष उडालं, तो दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या विजेच्या खांबाकडे बघायला लागला, तरी शेजारीपाजारी हळू आवाजात हेच म्हणतात, 'चांगला माणूस होता हो, पण कामातून गेला.' माणसाचं काम आणि माणसाचं डोकं ह्यांचा काही संबंध आहे, हे ज्या कुण्या मराठी माणसाने पहिल्यांदा हा वाक्प्रचार वापरला त्याला पक्कं ठाऊक असणार. बिचाऱ्याचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही.

तीच गोष्ट रिकाम्या न्हाव्याची. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या त्या न्हाव्याला हसत आलो. पण जरा त्याच्या बाजूने विचार करा. गिऱ्हाईक नाही. तुंबडी हाताशी आहे. हाताला सवय आहे. भिंत समोर आहे. बिचारा करील काय? निदान त्याने कुणाशी भांडण तरी उकरून काढलं नाही. रिकाम्या सुताराविषयीही एक म्हण आहे, पण ती अशा सभ्य पुस्तकात देता येत नाही; ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मनातल्या मनात म्हणून घ्यावी. इतकंच सांगतो की त्या म्हणीत सुताराला भिंतसुद्धा मिळत नाही.

आता ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार नागपूरकराला जरा जास्तच आहे असं माझं मत आहे. त्याचं कारण असं की आमच्या गावाने ह्या दोन्ही गोष्टींची सोय फार लवकर केली, आणि तीही उलट्या क्रमाने. वेड्यांचं इस्पितळ आमच्याकडे १८६४ साली निघालं. आगगाडी आली १८६७ साली. आणि पहिली मोठी कापडगिरणी सुरू झाली १८७७ साली. म्हणजे माणसाला वेड लागलं तर ठेवायचं कुठे, हे आधी ठरलं, आणि कामाला लावायचं कुठे, हे तेरा वर्षांनी ठरलं. इतकी दूरदृष्टी फार थोड्या शहरांनी दाखवली असेल.

त्या इस्पितळाचं आजचं नाव प्रादेशिक मनोरुग्णालय. नाव सरकारने बदललं, कायदेही बदलले: १८५८चा गेला, १९१२चा आला, मग १९८७चा, मग २०१७चा. प्रत्येक कायद्यात भाषा आधीपेक्षा सुसंस्कृत होत गेली. पण नागपुरी ऑटोवाला काही कायदे वाचत नाही. त्याच्या लेखी तो पागलखाना आणि त्या चौकाचं नाव पागलखाना चौक. बाहेरगावचा पाहुणा फोनवर पत्ता विचारतो आणि आमचा माणूस बिनदिक्कत सांगतो, 'पागलखान्यापाशी उतरा, मी घ्यायले येतो.' पाहुणा पुढे येतो की नाही हे त्याच्या धैर्यावर अवलंबून.

ह्या जुन्या इस्पितळांची एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटत आली आहे. त्या काळी मनाच्या आजारावर औषध असं जवळजवळ नव्हतंच. मग डॉक्टर काय करीत? तर रोग्यांना काम देत. बागेत पाणी घाल, दळण दळ, सूत काढ, माग चालव. साऱ्या हिंदुस्थानातल्या अशा इस्पितळांत ही पद्धत होती. ह्यात थोडा सरकारी कंजूषपणाही होता, कारण रोग्यांनी पिकवलेली भाजी त्यांनाच खाऊ घातली की खर्च वाचतो. पण त्या साहेब डॉक्टरांचा मनापासून विश्वास होता की हात चालता राहिला की डोकं ठिकाणावर येतं. म्हणजे भिंतीआड वेड्याला शहाणं करण्यासाठी माग दिला जात होता, आणि भिंतीबाहेरचे शहाणे लोक मागावर बसायला तयार नव्हते.

हे शेवटचं वाक्य मी विनोदासाठी लिहिलेलं नाही. तो इतिहास आहे.

जमशेदजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली आणि ती भरायला सुरुवात केली, तेव्हा गावातल्या एका मारवाडी सावकाराने त्यांना कर्ज द्यायला नकार दिला. हा माणूस सोनं मातीत घालतो आहे, असं त्याचं म्हणणं. पुढे त्यानेच कबूल केलं की ह्या गृहस्थाने माती घातली आणि सोनं काढलं. मिल सुरू झाली ती १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी दिल्लीला दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल. व्यवस्थापक म्हणून टाटांनी आणलं बेझनजी दादाभाई मेहता ह्यांना. हे रेल्वेतले गृहस्थ. कापडाच्या धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. पण टाटांनी माणूस बरोबर हेरला होता असं मला वाटतं. सूत कसं काढायचं हे सांगायला लँकेशायरहून तज्ज्ञ आणलाच होता. नागपूरकराला वेळेवर कसं आणायचं, ही खरी अडचण होती, आणि त्याला आगगाडीवाल्याशिवाय कोण पुरणार?

कारण आमचा नागपुरी माणूस मिलमध्ये यायचा, चार पैसे गाठीला बांधायचा आणि ते संपेपर्यंत दिसायचाच नाही. आज साळ्याचं लग्न, उद्या तान्हा पोळा, परवा 'ऊन भारी हाय बाप्पा.' आता इथे त्याच्या आळसाला नावं ठेवण्याचा मोह होतो, आणि त्या काळच्या साहेबांनी तो टाळलाही नाही. पण त्या माणसाची बाजू बघा. गावातला कोष्टी पिढ्यान्‌पिढ्या घरच्या मागावर बसत आला होता. तोही कष्ट करीत होता, पहाटे उठून, दिव्याच्या उजेडापर्यंत. पण माग त्याचा, आणि दुपारी उन्हाने भाजून निघालं की दोन तास लवंडायचं हा निर्णयही त्याचा. शेतकऱ्याला पाऊस उठवी आणि पाऊसच झोपवी. घड्याळाच्या काट्याने उठणं हा प्रकार आमच्या लोकांच्या बापजन्मी कुणी पाहिला नव्हता. नागपूरच्या मे महिन्यात थंड देशातून आलेल्या यंत्राच्या तालावर नाचायचं, हे शहाण्या माणसाचं लक्षण तरी कसं म्हणावं?

टाटा आणि बेझनजींनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी आमिष दाखवलं. हजेरी चांगली असेल त्याला बक्षीस. वर्षातून एक बक्षीस समारंभ, खेळ, घरच्या माणसांना आमंत्रण. बक्षिसात रोख पैसे असत, कापड असे आणि घड्याळंही असत. घड्याळ! मला ह्या गोष्टीचं राहून राहून कौतुक वाटतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हणतात ती ही. ज्याला वेळ म्हणजे काय ते ठाऊक नाही त्याला वेळेवर आल्याबद्दल वेळच बक्षीस द्यायची, आणि तीही किल्ली देऊन. तो गडी ते घड्याळ घेऊन मिरवत घरी गेला असेल, आळीतल्या दहा जणांना दाखवलं असेल, आणि दुसऱ्या दिवशीपासून ते घड्याळ त्याला मिलमध्ये घेऊन गेलं असेल.

मग १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आला. १८९५ साली अपघात झाला तर भरपाई. सरकारी कायद्याने अपघाताची भरपाई सक्तीची केली ती १९२३ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. मिलमध्ये हवा खेळती ठेवण्याची आणि दमट ठेवण्याची यंत्रं बसवली. ही दुसरी सोय मुळात सुतासाठी, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. पण सुताच्या निमित्ताने माणसालाही गारवा मिळाला. (नागपूरचा खसचा कूलर ही त्याच कल्पनेची पुढची पिढी आहे असं मी पुष्कळदा प्रतिपादन करतो. घरात कुणी ऐकत नाही.)

आणि मग भोंगा.

भोंग्याविषयी न लिहिता नागपूरचा इतिहास लिहिणं म्हणजे तर्रीशिवाय पोहे देणं. एम्प्रेस मिलचा भोंगा कामगारासाठी वाजायचा, पण ऐकायचं सगळं गाव. मिलमध्ये ज्यांचं कुणीच नव्हतं त्या घरांतही भोंग्यावर चूल पेटायची. मुलं भोंग्यावर शाळेला निघायची. 'भोंगा झाला तरी लोळून राह्यला काय?' हे वाक्य ऐकत वाढलेल्या नागपूरकरांच्या तीन-चार पिढ्या सहज निघतील. ज्या गावाला वेळेवर आणण्यासाठी घड्याळं वाटावी लागली, ते गाव आता भोंगा चुकला तर कासावीस होऊ लागलं. सवय लागली. एखाद्याला तंबाखूची लागते तशी.

ह्याचा अर्थ मिल म्हणजे मनःशांतीचं माहेरघर होतं असा कुणी घेऊ नये. सवय लागण्यापूर्वी आणि लागल्यावरही माणसं पार पिळून निघत होती. देशातल्या गिरण्यांत सुरुवातीला कामाच्या तासांना धरबंध नव्हता. १८८१चा पहिला कायदा आला तो फक्त मुलांसाठी. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली, सहा वर्षं झगडले, तेव्हा कुठे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला. आपण ज्या रविवारी तंगड्या पसरून पेपर वाचतो तो कुणीतरी भांडून आणलेला आहे, हे त्या पेपरात सहसा छापत नाहीत. प्रौढ पुरुषाच्या कामाला १९११ साली बारा तासांची मर्यादा आली, आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपर्यंत यायला १९४६ साल उजाडलं. साचेखात्यातला आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर खुणेने. मिलमधल्या जुन्या माणसाला तुम्ही घरी चहाला बोलावलंत तर तो अजूनही रस्त्याच्या पलीकडल्याशी बोलावं तसं बोलतो. कापसाची पूड छातीत जाऊन दमा लागायचा तो वेगळाच. काम माणसाचं डोकं ठिकाणावर ठेवतं, तसंच ते फिरवूही शकतं, फक्त त्याची मात्रा चुकायला हवी.

मात्रेची गोष्ट निघाली म्हणून आमच्या कारकुनी पेशाविषयी दोन शब्द बोललो तर वाचक रागावणार नाहीत. आमच्या पिढीत समज असा की मोठ्या साहेबाला मोठी काळजी, म्हणून हार्ट अॅटॅक साहेबाला येतो. शिपाई बिचारा निवांत. १९६७ सालापासून लंडनमध्ये सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात नेमकं उलट निघालं. जितकी खालची पायरी तितका हृदयविकार जास्त, आणि शिपायाला त्याने मरण्याचा धोका साहेबाच्या कितीतरी पट. पुढे त्यातून असंही दिसलं की काम किती आहे ह्याइतकंच, ते कसं करायचं हे ठरवण्याचा अधिकार किती आहे ह्याला महत्त्व आहे. हे वाचल्यावर मी आमच्या जुन्या हपिसातल्या शिपायाला फोन करून त्याची तब्येत विचारली. 'एकदम फस्कलास,' तो म्हणाला. मग माझ्या लक्षात आलं की त्या हपिसात काय कसं करायचं ते सगळं तोच ठरवीत असे. कुठली फाइल वर आणि कुठली खाली हे त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. खचून गेला होता तो साहेब.

हपिसांवरून आठवलं. हे गाव १८६१ सालापासून एका प्रांताची राजधानी होतं. मध्य प्रांत, मग वऱ्हाड जोडून मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मग मध्य प्रदेश. पाट्या बदलल्या, खुर्च्या त्याच. १ नोव्हेंबर १९५६ला ती राजधानी गेली. विदर्भ मुंबई राज्यात आला, तिकडे मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला मांडली. पंचाण्णव वर्षं राजधानी असलेल्या गावातली काही माणसं मुंबईकडे, काही भोपाळकडे निघाली. गावाच्या मनावर झालेल्या परिणामाबद्दल कुठल्याही डॉक्टरने काही लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही, पण लक्षणं मी रोज पाहतो. आजही नागपूरकराशी कुठल्याही विषयावर बोला, पाचव्या मिनिटाला तो 'आपण राजधानी होतो' इथे येतो. १९५३च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरवायचं ठरलं, ते १९६० सालापासून हिवाळ्यात भरतं. तेवढे दिवस सिव्हिल लाइन्सला रंग लागतो, रस्त्यांचे खड्डे बुजतात, गावाच्या अंगात जुनी नोकरी संचारते. अधिवेशन संपलं, मंत्र्यांच्या गाड्या परतल्या, की गाव पुन्हा खिडकीशी बसून विजेच्या खांबाकडे बघायला मोकळं.

पण राजधानी गेली तरी भोंगा होता, आणि तो आणखी पुष्कळ वर्षं वाजत राहिला. मुंबईत १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि त्यातली बहुतेक पुन्हा आत गेलीच नाहीत. त्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. मुंबईला लिहिणारे जास्त आणि छापणारेही जास्त. आमच्या एम्प्रेस मिलमधून १९८६ साली टाटांनी हात काढून घेतला. राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालवायला घेतली आणि २००२ साली ती बंद पडली. म्हणजे एकशे पंचवीस वर्षं. त्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला, एम्प्रेस हे नाव तेवढं ठेवलं. मॉलला भोंगा नसतो. तिथे दिवसभर गाणी वाजतात, त्यामुळे किती वाजले ते कुणालाच कळत नाही; आणि मॉलवाल्यांना तेच हवं असतं.

मिल बंद पडली की माणसाच्या डोक्याचं काय होतं, ह्याचा जगातला सर्वांत नामांकित अभ्यास एका कापडगिरणीच्याच गावात झालेला आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं खेडं. साऱ्या गावाचं पोट तिथल्या एका गिरणीवर. १९२९-३०च्या मंदीत ती बंद पडली. पाउल लाझार्सफेल्ड नावाच्या तरुण संशोधकाला खरं तर लोक मोकळ्या वेळात काय करतात ह्यावर अभ्यास करायचा होता. तो समाजवादी पुढारी ओटो बाउअरकडे गेला. बाउअरने त्याला झापलं: देशात एवढी बेकारी असताना तू मोकळ्या वेळाचा कसला अभ्यास करतोस? तेव्हा तो, मारी याहोडा, हान्स त्साइझेल आणि आणखी मंडळी ह्या गावात जाऊन राहिली, आणि १९३३ साली त्यांचं पुस्तक निघालं.

त्यांना काय दिसलं ते आमच्या लोकांनी वाचण्यासारखं आहे. गावात वाचनालय होतं. आता साऱ्या गावाला दिवसभर वेळच वेळ. त्यात वाचनालयाने वर्गणीही काढून टाकली. तर पुस्तकं नेण्याचं प्रमाण वाढायला हवं. ते दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं. मग ही मंडळी एका खिडकीत घड्याळ घेऊन बसली आणि रस्त्याने जाणारी माणसं किती वेगाने चालतात ते मोजलं. (नागपूरला हे कुणी केलं असतं तर दहा मिनिटांत पोलीस आले असते आणि पंधराव्या मिनिटाला बघ्यांची जत्रा.) पुरुष हळू चालत, मध्येच थांबत, पुन्हा निघत, पुन्हा थांबत. बायका भराभर चालत. पुरुषांना विचारलं, दिवसभर काय केलं, तर धड सांगता येईना. उठलो, मुलांना उठवलं, मग दुपार झाली. मध्ये काय झालं कोण जाणे. पुष्कळांनी खिशात घड्याळ ठेवणंच सोडलं होतं.

आमच्या पूर्वजांना घड्याळ देऊन मिलमध्ये आणलं होतं ते इथे आठवतं.

आणि बायका भराभर का चालत होत्या? कारण त्यांचा पगार बंद झाला होता, काम बंद झालं नव्हतं. चूल, धुणी, पोरं, ठिगळं, आणि निम्म्या पैशांत पूर्ण घर. त्यांना सवड नव्हती. मारी याहोडाबाईंनी पुढे आयुष्यभर ह्या विषयाचा पिच्छा पुरवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नोकरी पगार देते हे सर्वांनाच दिसतं. पण ती न दिसणाऱ्या पाच गोष्टीही देते. दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं देते, सर्वांच्या मिळून होणाऱ्या कामात वाटा देते, समाजात ओळख देते आणि हातपाय हलते ठेवते. मिल बंद होते तेव्हा पगाराचा हिशोब होतो. ग्रॅच्युइटी इतकी, फंड इतका, स्वेच्छानिवृत्तीचे इतके, सही इथे. बाकीच्या पाच गोष्टींना त्या कागदावर रकाना नसतो. ह्या 'स्वेच्छा' शब्दाबद्दलही कधीतरी कुणीतरी लिहायला हवं.

नागपुरात तेव्हा खिडकीत घड्याळ घेऊन कुणी बसलं नाही. मारबतीच्या मिरवणुकीत 'बेरोजगारी'चा बडगा मात्र पुष्कळदा निघतो. गावभर फिरवून त्याला जाळतात आणि पुढल्या वर्षी तो नव्याने बांधावा लागतो. पण आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. एम्प्रेस मिलमध्ये जॉबर होते, म्हणून सगळी इमारत त्यांना जॉबरसाहेबच म्हणते. मिल बंद झाली तेव्हा वय पन्नासच्या आसपास. पैसे मिळाले त्यातून हा फ्लॅट घेतला, मुलगा नोकरीला लागला, पोटाची ददात नव्हती. तरी पहिल्या चार महिन्यांत माणूस कामातून जायला लागला. आधी त्यांनी घर ताब्यात घेतलं. चहाला किती साखर लागते ते वहीत लिहायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि चौथी झाली की ओरडायचं. सुनेने कणीक भिजवताना पीठ सांडलं तर 'वेस्टेज किती?' म्हणून विचारायचं. मग हळूहळू तेही थांबलं. पहाटे साडेपाचला उठायचे, आंघोळ करायचे, शर्ट घालून खुर्चीत बसायचे. दुपारपर्यंत त्याच खुर्चीत. कुणी बोललं तर हूं. दाढी दोन-दोन दिवस तशीच.

त्यांच्या बायकोने मारी याहोडा वाचलेली नव्हती. त्या माउलीची शाळा चौथीत सुटली. एका सकाळी सहाला तिने पोळी-भाजीचा डबा त्यांच्या हातात दिला आणि दार उघडून सांगितलं, 'जा जी.'

'कुठं जाऊ?'

'मले काय मालूम? बत्तीस वर्सं म्या इचारलं काय, कुठं जाता म्हून? तीन वाजता या.'

पहिले काही दिवस ते गांधीसागरच्या काठावर बसून डबा खाऊन आले. एकटे नव्हते म्हणे. खात्यातले आणखी चार जण तिथे डबे घेऊन बसलेले सापडले, तेव्हा तिथेच गप्पा सुरू झाल्या, एक जण ओरडला, दुसरा ओरडला, साचेखात्यातल्यासारखं वाटायला लागलं. पण पावसाळ्यात काठावर बसता येईना. त्याच सुमारास आमच्या इमारतीचा पंप चालू-बंद करणारा माणूस सोडून गेला. जॉबरसाहेबांनी किल्ली मागून घेतली ती आजतागायत त्यांच्याकडे आहे. सकाळी साडेसहाला पंप सुरू. सात-दहाला बंद. दुपारी तीनला पुन्हा. पंपाच्या खोलीत एक पाटी, एक वही आणि एक स्टूल. वहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि सही. वीज गेली तर कारणासह नोंद. पगार नाही, त्यांनी मागितला नाही आणि सोसायटीने आपण होऊन द्यावा असा सोसायट्यांचा स्वभाव नाही. दाढी मात्र रोज होते.

मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे हे सगळं मला जवळून ठाऊक. काही वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण सभासदाने सर्वसाधारण सभेत ठराव मांडला की आता टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं यंत्र मिळतं, तीन-चार हजारांत काम होतं, पाणी वाया जात नाही, आणि जॉबरकाकांना ह्या वयात त्रास कशाला द्यायचा. मुलगा सज्जन आहे. त्याने खरोखरच काकांच्या गुडघ्यांचा विचार केला होता. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. जॉबरसाहेब मागच्या खुर्चीत होते. ते काही बोलले नाहीत. यंत्राचं माहितीपत्रक त्यांच्या हातात आलं, ते त्यांनी नीट वाचलं, दोन्ही बाजूंनी, आणि घडी घालून पुढे दिलं.

त्याच रात्री त्यांची बायको आमच्या घरी आली. पदरात चार संत्री होती. ती माझ्या बायकोच्या हातात दिली आणि उभ्याउभ्याच मला म्हणाली, 'भाऊ, ते मशीन नोका बसवू.'

मी म्हटलं, 'वहिनी, पण पाणी—'

'पाणी वाया गेलं तं म्या भरून देईन. मशीन नोका बसवू.'

दुसऱ्या दिवशी मी सभेचं इतिवृत्त लिहायला बसलो. 'स्वयंचलित पंप-नियंत्रकाचा ठराव चर्चेस आला. अधिक माहिती मागवून पुढील सभेत विचार व्हावा असे ठरले.' तरुण सभासदाला जिन्यात गाठून काय ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मग काका, हे आधी नाही का सांगायचं.' तेव्हापासून दर वर्षी सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय सातव्या क्रमांकावर असतो. दर वर्षी तोच तो मांडतो, मी अधिक माहिती मागवतो, कुणीतरी अनुमोदन देतं, आणि ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब होतो. सभा संपते साधारण पावणेसातला. त्याआधी तीनचा पंप वेळेवर सुरू होऊन बंद झालेला असतो, आणि तशी नोंद वहीत असते.